हळूबाईंची खिडकी

आमच्या लाँड्रीत आता खळ शिजत नाही. बाटलीतून फवारायचं औषध मिळतं, दोनदा फुसफुस केलं की कॉलर ताठ. सोय आहे, मी नाही म्हणत नाही. पण अधूनमधून एखादं जुनं गिऱ्हाईक हट्ट धरतं की माझ्या चादरींना खळच हवी. मग मी मागच्या खोलीत पातेलं चढवते. तो आंबूस, ओलसर वास दुकानभर पसरला की मला हळूबाई आठवतात, आणि कामावरच्या बायका एकमेकींकडे बघतात की आता हिची टकळी सुरू होणार. होते सुरू. माझं दुकान आहे, माझी टकळी आहे.

हळूबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्या आमच्या चौथीच्या वर्गशिक्षिका. पोरं घडाघडा वाचायला लागली की त्या पंजा खाली दाबत म्हणायच्या, "हळू, हळू." जिन्यावरून उतरताना हळू, पाणी पिताना हळू, भांडतानासुद्धा हळू. नाव पडायला तेवढं पुरे झालं. एकदा कोणीतरी फळ्यावर कासव काढून ठेवलं. बाई आल्या, बघितलं, पुसलं नाही. खडू घेऊन त्याला चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आता दिसतंय माझ्यासारखं. बसा." त्या दिवसापासून पोरांची मजाच गेली.

देवमाणूस वगैरे मी म्हणणार नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं आणि खरंही नव्हतं. वर्गात शिस्तीच्या नावाने शंख होता. शेजारच्या वर्गातून दिवसाला दोनदा निरोप यायचा की जरा आवाज कमी करा. गाण्याची भारी हौस, गळा मात्र फाटका. हट्टी तर इतक्या, की एकदा नाही म्हणाल्या तर ब्रह्मदेवाने सांगितलं तरी हो म्हणायच्या नाहीत. खडूचा हात सारखा केसांना लावायच्या, त्यामुळे केस पिकायच्या आधीच पांढरे दिसायचे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली घेऊन एकट्या राहायच्या. त्या खोलीत कपड्यांपेक्षा पुठ्ठे, मणी, काडेपेट्या आणि वाळूचे डबेच जास्त. एका सुट्टीत त्या पदरमोड करून दूर कुठेतरी शिकायला गेल्या होत्या. ज्या मुलांना सगळं समजतं पण वाचता येत नाही, त्यांना कसं ओळखायचं आणि कसं शिकवायचं, हे शिकून आल्या. शिक्षकांच्या खोलीत त्यावर हशा झाला. "वाचता न येणाऱ्याला आमच्याकडे ढ म्हणतात, त्यासाठी गाडीभाडं कशाला घालवायचं?" असं कोणीतरी म्हणालं, आणि बाकीचे चहा पिता पिता हसले. शिपाईमामांनी हे आईला सांगितलं, आईने मला.

तर मी ती ढ. गंमत अशी की मला ढ म्हणायचे आणि तो ढ सुद्धा मला ओळखू यायचा नाही. ढ, ट, द सगळे एका माळेचे मणी. आता म्हणाल, डोळे कमजोर असतील. डॉक्टरांनी तपासले, ठणठणीत. मग म्हणाल, डोकं कमी असेल. अहो, दुकानात कोणाचे किती शर्ट आले, कोणाच्या पँटचं बटण तुटलंय, कोणाच्या चादरीला जळका डाग आहे, सगळं मला तोंडपाठ. पण पान उघडलं की ओळी जागच्या हलायच्या. एक शब्द धरावा तर शेजारचा पुढे घुसायचा, आणि खालच्या ओळीतलं अक्षर वरच्या ओळीत येऊन बसायचं. सगळ्यांचं एकच म्हणणं, लक्ष देत नाही. हे वाक्य ऐकलं की आजही माझं डोकं फिरतं. माझ्याइतकं लक्ष त्या वर्गात कोणी दिलं नसेल. डोळ्यांतून पाणी यायचं लक्ष देऊन देऊन.

तिसरीतून मला वर ढकललं होतं. चौथीला मात्र मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, स्वतः वाचनाची परीक्षा घ्यायचे. न बघितलेला उतारा समोर ठेवायचे आणि घंटा वाजायच्या आत तो वाचून संपवायचा. बाबांनी वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "यंदा वाचनात नापास झालीस तर शाळा बस्स. इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहायचं." बाबा मारके नव्हते, ओरडकेही नव्हते. पण या एका विषयावर त्यांचा चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट व्हायचा. मी काही सांगायला गेले की म्हणायचे, "नाचता येईना अंगण वाकडं."

म्हणून आईने आणि मी एक युक्ती काढली होती. आम्ही दुकानावरच्याच खोलीत राहायचो. दुपारी आई खळ ढवळत बसायची, एका हातात पळी, दुसऱ्या हातात माझं पुस्तक. ती धडा मोठ्याने वाचायची, मी रुमालांच्या घड्या घालत ऐकायचे. दोनदा ऐकला की धडा माझा. विरामचिन्हांसकट, आईच्या खोकल्यासकट. वर्गात बाईंचा रिवाज असा होता की त्यांचं स्वतःचं पुस्तक हातात घेऊन टेबलाजवळ उभं राहून वाचायचं. मी जायचे, पुस्तक धरायचे, आणि पोपटासारखी सुरू व्हायचे. पानं सुद्धा अंदाजाने उलटायचे. "वाचते की चांगली," असं बाईसुद्धा म्हणाल्या होत्या, आणि मला हुश्श झालं होतं.

मग तो नावाड्याचा धडा आला. एक नावाडी होडी घेऊन समुद्रात जातो, वादळ येतं, शीड फाटतं, तो एका बेटावर थांबतो, आणि शेवटी घरी येतो. मी टेबलाजवळ उभी राहिले आणि धाडधाड सुरू केलं. नावाडी निघाला, किनारा मागे पडला, ढग दाटले, आणि लगेच तो अंगणात बसून मुलांना शिंपले वाटू लागला. वर्गात आधी शांतता, मग खसखस, मग एकच हलकल्लोळ. मला कळेना काय झालं. मी पुढे शिंपले वाटतच होते. झालं होतं असं, की आईच्या खळीच्या हाताने माझ्या पुस्तकाची दोन पानं एकमेकांना चिकटली होती. ती वाळून एक झाली, आईने पान उलटलं ते वादळ आणि बेट सोडून थेट अंगणात. बाईंच्या पुस्तकात मात्र वादळ जागच्या जागी होतं, माझ्या नाकासमोर.

हळूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून अलगद घेतलं आणि म्हणाल्या, "पाठ छान झालाय. जागेवर जा." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती पळी धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं गं, हा मेला एवढ्या लवकर घरी कसा पोचला." आणि आम्ही दोघी रडता रडता हसलो.

दुसऱ्या दिवसापासून बाई मला मधल्या सुट्टीत थांबवून घेऊ लागल्या. मला वाटलं शिक्षा. पण त्या गोष्ट सांगायच्या आणि प्रश्न विचारायच्या, त्यांची उत्तरं मी फटाफटा द्यायचे. शब्दाचे तुकडे करून टाळ्या वाजवायला लावायच्या, तिथे मी अडखळायचे. फळ्यावरचं उतरवून घे म्हणायच्या आणि मी कुठली ओळ गाळते ते बघायच्या. एकदा विचारलं, "तू बोलायला उशिरा लागलीस का गं?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी तेव्हा लहान होते. हे ऐकून त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "हे बघ, तुझे डोळे चांगले आहेत, डोकंही चांगलं आहे. दोघांच्या मधली वाट खडबडीत आहे. काही मुलांची असते. तिथून धावता येत नाही, चालता मात्र येतं. आपण चालू." डिस्लेक्सिया हा शब्द मी फार पुढे ऐकला. तेव्हा मला एवढंच कळलं की मी आळशी नाही असं कोणीतरी मोठं माणूस म्हणालं. मी बाकावर डोकं ठेवून इतकी रडले की बाक ओलं झालं.

मग त्या दुकानात येऊ लागल्या. कपडे घेऊन यायच्या आणि बसून राहायच्या. खळीचं पातेलं बघून त्यांचे डोळे चमकले. जुन्या पत्र्याच्या तबकात त्यांनी पातळ खळ ओतायला लावली आणि मला बोटाने त्यात अक्षरं गिरवायला सांगितली, तोंडाने आवाज काढत. गार, बुळबुळीत खळीत ढ चं पोट बोटाला जाणवलं तेव्हा तो मला पहिल्यांदा ट पेक्षा वेगळा वाटला. शर्टाच्या घडीत कॉलरखाली आम्ही पुठ्ठा घालायचो. असा एक पुठ्ठा त्यांनी उचलला, आईच्या कात्रीने मधोमध एक लांब चीर कापली, आणि पुस्तकावर ठेवला. सगळं पान झाकलं, एकच ओळ दिसायला लागली. "ही खिडकी," म्हणाल्या. "बाकीच्या ओळींना सांग, रांगेत उभ्या राहा." आणि खरंच, त्या खिडकीतली ओळ हलायची बंद झाली. पूर्ण नाही, पण मला धरता येईल इतपत.

बाबा हे सगळं टेबलामागून बघायचे. बाई मात्र बाबांना बघत होत्या. इतर लाँड्र्यांत कपड्यांवर शाईने नाव घालतात. बाबा प्रत्येक घराचा वेगळा दोरा टाचायचे. डॉक्टरांचा हिरवा आणि त्यावर एक गाठ, बेकरीवाल्यांचा पिवळा, मोठ्या सरांचा काळा. म्हणायचे, शाईने कपडा मरतो. गाठोड्याबरोबर चिठ्ठी आली की खिसा चाचपायचे आणि आईला हाक मारायचे, "चष्मा घरी राहिला, जरा बघ गं काय लिहिलंय." त्यांचा चष्मा कुठल्या घरी राहिला होता देव जाणे, कारण आम्ही राहायचो त्या घरात चष्मा नव्हता. पण मी कधी विचारच केला नाही. बापाच्या बाबतीत पोरं कुठे विचार करतात?

परीक्षा जवळ आली तशा बाई मोठ्या सरांकडे गेल्या. मी दाराबाहेर उभी होते, सगळं ऐकलं. बाई म्हणाल्या, हिला खिडकी वापरू द्या आणि घंटेला जरा थांबवा. सर म्हणाले, "एकीला सवलत दिली की उद्या सगळे मागतील."

"मागू देत की. ज्याला लागेल त्याला देऊ."

"बाई, नियम सगळ्यांना सारखा."

"मग सर, तुमचाही चष्मा ठेवा टेबलावर आणि तुम्हीच आधी वाचून दाखवा. मी घंटा धरते."

सर वाईट नव्हते, फक्त घड्याळाच्या ताब्यात होते. शेवटी म्हणाले, "पुठ्ठा चालेल. घंटा थांबणार नाही." बाई बाहेर आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "अर्धं मिळालं."

परीक्षेत उतारा होता विहीर खणणाऱ्या माणसाचा. मी खिडकी ठेवली आणि सुरुवात केली. एकेक शब्द धरून, बोट ठेवून, खाली उतरत गेले. एकही शब्द चुकला नाही. माती लागली, मुरूम लागला, खडक लागला, आणि पाणी लागायच्या आत घंटा झाली. बाई म्हणाल्या, "तिला काय समजलं ते तरी विचारा." सर म्हणाले, "परीक्षा वाचनाची आहे, गप्पांची नाही." आणि माझ्या नावासमोर लाल रेघ ओढली. आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर वाचलं होतं, आणि त्याच दिवशी नापास झाले.

दुपारी बाई दुकानात आल्या. बाबांनी तोवर टेबलाशी माझ्यासाठी पाट ठेवला होता, कारण माझा हात पुरत नव्हता. बाई म्हणाल्या, "भाऊ, एक वर्ष द्या. तिला येतंय. वेळ लागतोय, पण येतंय."

बाबा इस्त्री फिरवत राहिले. "बाई, तुम्ही पुष्कळ केलंत. पण नाही येत तर नाही येत."

"येतं, भाऊ. मी ऐकलंय."

"आणि नाही आलं तरी काय बिघडतं?" बाबांचा आवाज चढला. तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "रोज चारचौघांत हसं करून घ्यायचं, छड्या खायच्या, त्यापेक्षा घरी बसलेलं काय वाईट? मला नाही येत, माझं काय बिघडलं?"

इस्त्री हातात तशीच राहिली. खालून करपल्याचा वास आला तेव्हा आईने पुढे होऊन ती उचलली. कोणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर तपकिरी डाग पडला होता. बाबांच्या हातून कपडा जळलेला मी तो एकदाच बघितला. मी आईकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं, आणि मग मला सगळं उलगडलं. दोरे, गाठी, घरी राहिलेला चष्मा. एका घरात दोघांचं वाचन एकटी आई करत आली होती आणि तोंडातून ब्र काढला नव्हता. झाकली मूठ म्हणतात ती ही. आणि बाबांना माझा राग नव्हता, माझ्यासाठी भीती वाटत होती. त्यांना जे झालं ते मला होईल याची.

हळूबाईंनाही आश्चर्य वाटलं नाही. "हे घराण्यात उतरतं, भाऊ," एवढंच म्हणाल्या. "नाक उतरतं, तसं. त्यात कोणाचा गुन्हा नाही." आणि तो जळका शर्ट उचलून त्याची घडी घालू लागल्या.

मग बाबांनी विचारलं, टेबलाकडे बघत, अगदी बारीक आवाजात, "बाई, या वयात येतं का?"

बाई म्हणाल्या, "येतं. हळू येतं."

बाबांनी तो पाट उचलला आणि मागच्या खोलीत तबकाजवळ नेऊन ठेवला. त्यावर मी बसले आणि शेजारी जमिनीवर मांडी घालून बाबा. इस्त्रीने घट्टे पडलेलं त्यांचं जाडजूड बोट खळीत बुडालं तेव्हा ते लाजले, आणि आईने मुद्दाम पाठ फिरवून कपडे मोजायचं सोंग केलं. मी चौथीत पुन्हा बसले. शाळेत शिकलेलं मी दुपारी बाबांना शिकवायचे. ते चुकले की मी बाईंसारखा पंजा दाबून "हळू, हळू" म्हणायचे आणि ते म्हणायचे, "हो बाई." ते दिवस आठवले की मला आजही वाटतं, माझ्यासारखी श्रीमंत पोर त्या गल्लीत नव्हती. पुढच्या वर्षी उतारा माळ्याचा होता. मी शेवटचा शब्द वाचला आणि मान वर केली, तर सरांचा हात घंटेवर होता आणि घंटा वाजायची वेळ केव्हाच टळून गेली होती. सर खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "घड्याळ मागे पडलंय वाटतं." मी शाळा पूर्ण केली, पुढे कापडरंगाईचंही शिकले. अजून हळूच वाचते. पुठ्ठा अजून लागतो, टेबलाच्या खणात आहे.

बाई आता नाहीत. शेवटपर्यंत त्याच खोलीत राहिल्या, आणि त्यांच्या जिन्यावर कायम कोणाचं तरी ढ पोर बसलेलं असायचं. पण मला त्यांची आठवण येते ती एका दुपारची. मी तेव्हा सातवीत असेन. सायकलवाल्यांनी बाईंच्या कपड्यांचं गाठोडं आणून टेबलावर ठेवलं, बाईंना बरं नव्हतं म्हणून. गाठोड्याला चिठ्ठी टाचलेली होती. बाईंनी कधीच चिठ्ठी पाठवली नव्हती, नेहमी तोंडी सांगायच्या. दुकानात गिऱ्हाईकं उभी होती. बाबांचा हात सवयीने खिशाकडे गेला, आईने सवयीने हात पुढे केला.

बाबा म्हणाले, "थांब."

त्यांनी खणातून माझा पुठ्ठा काढला आणि चिठ्ठीवर ठेवला. एक गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, माझं जरा लवकर बघता का?" बाबांनी मान वर केली नाही. म्हणाले, "बसा. वाचतोय."

आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने, बोट ठेवून त्यांनी वाचलं. "चा-द-रींना ख-ळ क-मी." मग खिडकी खाली सरकवली. कपाळावर घाम आला होता. "घा-ई… घाई… ना-ही." ते थांबले. पुन्हा एकदा, सलग, त्यांनी ते दोन शब्द वाचले. "घाई नाही."

आईने तोंडाला पदर लावला. बाबांनी चिठ्ठीची घडी करून ती खिशात ठेवली, जिथे त्यांचा चष्मा कधीच नव्हता, आणि त्या गिऱ्हाइकाला विचारलं, "हं, तुमचं काय?"